दान पडेल तो माणूस

टेबलाभोवती बसून, कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन जे रोल-प्लेइंग गेम खेळले जातात त्यांत प्रत्येक खेळाडू एकेका पात्राच्या वतीनं बोलतो आणि उरलेलं सगळं जग गेम मास्टर सांभाळतो. दुसऱ्यांसाठी हे जग सांभाळणं हे माझं काम. या कामातला सगळ्यात जुना वाद खेळ सुरू व्हायच्या आधीच उभा राहतो: पात्र खेळाडूनं स्वतः घडवायचं, की फासे टाकून जे पडेल ते घ्यायचं? एका बाजूचे म्हणतात, पडलेलं दान निमूट खेळण्यातच खरी मजा आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, आठवडाभर साहेब सांगेल ते केलं, आता रविवारी तरी मनासारखा माणूस होऊ द्या. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. तरी वाद पुढे सरकत नाही, कारण फाशांकडून आपण दोन अगदी वेगळी कामं करून घेतो आणि दोन्हींचा हिशेब एकाच खात्यात मांडतो. हा माणूस कोण ते सांगणं हे एक काम. तो शेजारच्या पात्रापेक्षा किती वरचढ ते ठरवणं हे दुसरं. पहिलं काम फासे खेळाडूपेक्षा बरं करतात आणि दुसरं त्यांच्या हाती देऊ नये, असं माझं मत या कामात बनत गेलं. या खेळांचे नियम वर्षानुवर्षं कसे बदलत गेले ते पाहिलं तर या मताला चांगलाच आधार मिळतो.

१९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा या गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला. त्यात पात्राचे सहा गुण होते: ताकद, बुद्धी, शहाणपण, काटकपणा, चपळाई आणि करिष्मा. प्रत्येक गुणासाठी सहा बाजूंचे तीन फासे टाकायचे आणि आलेली बेरीज मांडायची. सरासरी साडेदहा. १० किंवा ११ पडण्याची शक्यता चारात एक, आणि पूर्ण १८ पडण्याची २१६ मध्ये एक. म्हणजे बहुतेक पात्रं चारचौघांसारखीच निघणार. आजच्या खेळाडूला हे ऐकून धडकी भरते, पण त्या पहिल्या नियमांत या आकड्यांना फारसं वजनच नव्हतं. ताकद १८ असली म्हणून तलवारीचा घाव जास्त खोल जात नसे. लढवय्याला अनुभवाचे गुण दहा टक्के जास्त मिळत, इतकंच. चपळाई बरी असली तर बाण मारताना एकाचा फायदा, काटकपणा बरा असला तर जीव थोडा चिवट. दान वाईट पडलं तरी नुकसान बेताचं होतं, आणि पात्र मेलंच तर दुसरं उभं करायला काही मिनिटं पुरत. थोडक्यात, फाशाचा निकाल स्वस्त होता, म्हणून तो मान्य करणंही सोपं होतं.

पुढच्या पाचेक वर्षांत हा निकाल महाग झाला. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीपासून आकड्यांना बक्षिसं जोडली जाऊ लागली, आणि १९७८-७९ च्या ‘ॲडव्हान्स्ड’ आवृत्तीत ती चांगलीच फुगली. लढवय्याची ताकद १८ पडली की त्याच्यापुरते आणखी शतमानाचे फासे टाकायचे. त्यातही सर्वोच्च दान पडलं तर प्रत्येक घावाला सहा गुण जादा. साध्या तलवारीचा घाव सरासरी साडेचाराचा, म्हणजे एका दानानं तो दुपटीहून जास्त झाला. आता सरासरी पात्र घेऊन कोण खेळणार? खुद्द गायगॅक्स यांनी १९७८ च्या नियमपुस्तकात लिहिलं की पात्र टिकायचं तर निदान दोन गुण पंधरा किंवा त्याहून वर असलेले बरे. पुढच्या वर्षी गेम मास्टरसाठी जे पुस्तक आलं त्यात फासे टाकण्याच्या चार पद्धती दिल्या होत्या, आणि चारही मूळच्या पद्धतीपेक्षा उदार. पहिली आजही सर्रास वापरली जाते: चार फासे टाका, सगळ्यात लहान बाजूला काढा, आलेले सहा आकडे हवे तिथे मांडा. यानं सरासरी सव्वाबाराच्या आसपास जाते आणि १८ पडण्याची शक्यता साडेतीन पटीनं वाढते. चौथ्या पद्धतीत तर बारा पात्रं फाशांवर उभी करून त्यांतलं एक निवडायची मुभा होती. या उदारपणाचं कारणही त्याच पुस्तकात सापडतं: तीन फाशांवर चालण्याजोगं पात्र मिळेपर्यंत लोक पुन्हा पुन्हा फासे टाकत बसत. नशिबाला कौल लावायचा आणि मनासारखा मिळेपर्यंत लावत राहायचं, हा कौल नव्हेच. मग निवडच का करू नये, हा प्रश्न त्याच दिवशी जन्माला आला असं मी मानते.

तोवर दुसरीकडे उत्तर तयार होत होतं. १९८१ च्या ‘चॅम्पियन्स’ या सुपरहिरोंच्या खेळात प्रत्येकाला ठराविक गुणांचं भांडवल मिळे आणि त्यातून शक्ती विकत घ्यायच्या, फाशाला तिथे जागाच नव्हती. १९८६ च्या ‘गर्प्स’नं तीच रीत सगळ्या प्रकारच्या कथांना लावली. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून दहाच्या वर दर दोन आकड्यांना एकाचा फायदा, असं सरळ कोष्टक आलं. मग कुठलाच आकडा बिनमहत्त्वाचा राहिला नाही. २०१४ च्या आवृत्तीत फासे नको असतील त्यांच्यासाठी १५, १४, १३, १२, १०, ८ असा तयार संच दिलेला आहे, किंवा २७ गुणांची खरेदी. त्या संचाची बेरीज ७२ होते आणि चार फाशांच्या पद्धतीची सरासरी बेरीज साडेत्र्याहत्तरच्या आसपास, म्हणजे फासे टाकणाऱ्याला किंचित बक्षीसच. अनोळखी लोकांना एकत्र खेळवणाऱ्या ‘ॲडव्हेंचरर्स लीग’नं मात्र फासे बंदच ठेवले, आणि ते योग्यच केलं. घरून फासे टाकून आणलेली पात्रं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना कारण सांगायला नको. सहा आकड्यांत दोन किंवा अधिक अठरा येण्याची शक्यता या पद्धतीनंही हजारात चार भरत नाही, पण घरच्या फाशांना हे गणित कोणी शिकवलेलं नसतं.

म्हणजे अन्यायाचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. दोन माणसं वर्षभर एकाच टेबलाशी खेळणार. एकाचा प्रत्येक घाव बसणार, दुसऱ्याचा हुकणार, आणि याचं कारण पहिल्या दिवशी पडलेलं दान. यात चारित्र्य घडत नाही, माणूस कंटाळतो. काही जण म्हणतात, गेम मास्टरनं दुबळ्या पात्राला कथेत जास्त वाव द्यावा. द्यावा खरा, पण मग फाशानं केलेली चूक दर आठवड्याला माझ्या पदरात पडते, आणि ज्याचं दान चांगलं पडलं तो उगाचच अपराधी ठरतो. आकड्यांना वजन असेल तर ते सगळ्यांना सारखेच मिळावेत. फासे हवेतच असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी टेबलाशी बसलेल्या सगळ्यांनी मिळून एकच संच पाडावा आणि प्रत्येकानं तोच आपापल्या रीतीनं मांडावा. दान पडताना छातीत होणारी धडधड त्यातही असते, फक्त ती सामायिक असते.

पण समान भांडवल दिलं की विविधता आपोआप येते, हा समज मात्र या कामात फार काळ टिकत नाही. २७ गुणांत १५, १५, १५, ८, ८, ८ अशी खरेदी होते, आणि ८ कुठे टाकायचे ते पात्राचा पेशा सांगतो. म्हणून जादूगार सगळे ताकद ८ चे आणि लढवय्ये सगळे बुद्धी ८ चे. स्वातंत्र्य दिलं होतं, ते गणितानं खाल्लं. पूर्वकथेचंही तेच. कोरा कागद पुढे ठेवून ‘हवं ते कर’ म्हटलं की आईवडील मारले गेलेला, काळ्या झग्यातला, कोपऱ्यात बसून कमी बोलणारा एकांडा धनुर्धर कुठूनसा हजर होतो. त्यात वाईट काही नाही. पण ज्या खेळात बोलणं हीच एकमेव कृती, तिथे न बोलणारे चार एकांडे एका टेबलाशी आले की पहिले दोन तास त्यांची तोंडओळख करून देण्यात जातात. खेळाडूंची कल्पनाशक्ती कमी असते असं मी म्हणत नाही. एकाच मनानं एकाच बैठकीत सगळं निवडलं की सगळ्या गोष्टी एकमेकींशी जुळतात, आणि इतक्या जुळलेल्या माणसाला विचारण्यासारखं काही उरत नाही.

इथे मला १९७७ सालचा ‘ट्रॅव्हलर’ आठवतो. मार्क मिलर यांचा हा अंतराळातला खेळ. यात फाशांवर पात्राचे गुण तर ठरतातच, शिवाय त्याचं आधीचं सगळं आयुष्य घडतं. एक उदाहरण कागदावर मांडून पाहू. दोन-दोन फासे सहा वेळा टाकले आणि पडलं: ताकद ५, चपळाई ९, दम १०, बुद्धी ७, शिक्षण ४, सामाजिक स्थान ११. सामाजिक स्थान ११ म्हणजे नावामागे सरदारकीचा किताब. वरच्या घराण्यातला मुलगा, आणि शिक्षण अवघं ४! अठराव्या वर्षी तो नौदलात अर्ज करतो, फासे नाही म्हणतात, सक्तीच्या भरतीचा एक फासा टाकावा लागतो, त्यावर ४ पडतात आणि तो स्काउट दलात जातो. नोकरी चार-चार वर्षांच्या मुदतींची. दर मुदतीत काही कौशल्यं मिळतात, पण त्याआधी जिवंत राहण्याचं दान टाकावं लागतं. स्काउटांचं दान सगळ्यात कडक, दोन फाशांवर सात किंवा वर. साध्या माणसाला ते ५८ टक्के वेळा साधतं. याचा दम नऊ किंवा वर असल्यानं दोनाची सूट आहे, म्हणून ८३ टक्के. तरी अशा चार मुदती जगून बाहेर पडण्याची शक्यता निम्म्याहून थोडी कमीच, आणि पडलाच तर वय ३४, जिथून म्हातारपणाची दानं सुरू होतात. दर मुदतीच्या शेवटी खेळाडूपुढे प्रश्न: आता निवृत्त व्हायचं, की आणखी एखाद्या कौशल्यासाठी जीव पणाला लावायचा? फासे आणि निवड यांची इतकी घट्ट वीण दुसऱ्या फार थोड्या खेळांत आहे.

पात्र तयार होता होताच मरू शकतं, या नियमाची गेली कित्येक दशकं टिंगल होते. टिंगल अगदीच अनाठायी नाही. आकडे वाईट पडलेलं नकोसं पात्र स्काउटांत पाठवून मोकळं व्हायचं ही जुन्या खेळाडूंची ठरलेली युक्ती होती, म्हणजे इथेही मनासारखं मिळेपर्यंत कौल लावत राहणं आलंच. २००८ साली मंगूस या प्रकाशनाच्या आवृत्तीनं मृत्यूच्या जागी अपघातांचा तक्ता आणला: जखम, बडतर्फी, एखादा वैरी. पुष्कळ जुन्या खेळाडूंना यात खेळ बोथट झाल्यासारखं वाटतं. मला हा बदल नियमांतल्या सगळ्यात शहाण्या बदलांपैकी एक वाटतो. मेलेल्या पात्रानं टेबलावर काहीच येत नाही, पण बडतर्फ झालेला, वैरी मागे लागलेला स्काउट पहिल्याच दिवशी कथा घेऊन येतो. फाशाचा निकाल इथे पुन्हा एकदा पचेल इतका स्वस्त झाला, आणि तरी त्यात काही गमावल्याची बोच राहिली.

फाशांच्या बाजूनं नेहमी पुढे केला जाणारा एक मुद्दा मात्र मला मुळीच पटत नाही. तो म्हणजे, जगात जन्म कुणाच्याच हाती नसतो, म्हणून फासे वास्तवाला धरून असतात. आपल्या समाजाकडे नुसतं पाहिलं तरी हे टिकत नाही. जन्म हाती नसतो हे खरं, पण जन्मापाठोपाठ काय काय येतं ते चांगलंच बांधलेलं असतं. घर, जात, जमीन, शाळा, ओळखीपाळखी, सगळं एका माळेत येतं. फाशांचं दान मात्र सुटं असतं. शिक्षणाच्या फाशाला सामाजिक स्थानाच्या फाशाची खबर नसते, म्हणूनच शिक्षण ४ आणि स्थान ११ असा माणूस सहज उभा राहतो. हा माणूस वास्तवाला धरून नाही, आणि नेमकी तिथेच त्याची किंमत आहे. न जुळणाऱ्या दोन गोष्टी शेजारी आल्या की त्यांना जोडणारी तिसरी गोष्ट शोधावी लागते. घरातल्या कुणी त्याला शिकू दिलं नाही का? शाळेतून काढलं का? किताब विकत घेतलेला आहे आणि घरात आधीच्या पिढीत कुणीच शिकलेलं नाही का? ती तिसरी गोष्ट खेळाडूची स्वतःची असते, फाशांनी दिलेली नसते. तिच्यासाठी त्याला कल्पनेतल्या आवडत्या नायकाकडे जाता येत नाही, समोरच्या माणसाकडे बघावं लागतं.

स्वातंत्र्याचा आक्षेप याच ठिकाणी सैल पडतो. दुसऱ्यानं नेमून दिलेलं पात्र खेळण्यात कल्पकतेला वाव नाही, असं म्हणणाऱ्यांनी तळकोकणातलं किंवा गोव्यातलं दशावतारी नाटक आठवावं. त्याला लिखित संहिता नसते. कथानक ठरतं, पात्रं वाटली जातात आणि संवाद नट रंगमंचावर उभ्या उभ्या रचतात. पात्र वाट्याला आलेलं असतं, बोलणं सगळं नटाचं. अर्थात तिथला राजपार्टी नट वर्षानुवर्षं राजपार्टच करून मुरलेला असतो, आणि आमच्याकडे कालपर्यंत हिशेबनीस असलेला माणूस आज उंदीर मारणारा होतो, म्हणून ही तुलना फार ताणू नये.

उंदीर मारणारा उगीच आणला नाही. १९८६ च्या ‘वॉरहॅमर फँटसी रोलप्ले’ या ब्रिटिश खेळात पात्राचा पेशा फाशांवर ठरतो, आणि तक्त्यात सरदार-योद्ध्यांइतकेच रस्त्यावरचे, गटारातले लोक भरलेले आहेत. उंदीर मारणाऱ्याला तर एक लहानसं पण खुनशी कुत्रंही मिळतं, आणि या खेळाच्या चाहत्यांत ते कुत्रं कुठल्याही महावीरापेक्षा प्रसिद्ध आहे. तिथे पेशावरून कोण बलवान ते ठरत नाही, कोणती दारं तुम्हाला उघडतात ते ठरतं. सरदाराला मेजवानीला बोलावतात, उंदीरवाल्याला तळघराची किल्ली देतात. २०१८ च्या चौथ्या आवृत्तीनं यावर मला फार आवडणारी तोड काढली. पहिल्या दानाला पडलेला पेशा मुकाट घेतला तर ५० अनुभवगुण. आणखी दोन दानं टाकून तिन्हींतला एक निवडला तर २५. स्वतःच निवडला तर काही नाही. सक्ती कुणावरच नाही, पण नकाराला किंमत आहे, आणि ती आधीच सांगितलेली आहे. माझ्या पाहण्यात ५० गुणांच्या मोहानं फासा टाकणारे त्या पेशाला पुढे जितके चिकटतात, तितके स्वतः निवडणारे चिकटत नाहीत. यामागे काय मानसशास्त्र असेल त्यात मी शिरत नाही. ‘डंजन क्रॉल क्लासिक्स’नं २०१२ साली दुसरं टोक गाठलं. तिथे प्रत्येकाला फाशांवर उभे राहिलेले तीन-चार साधे गावकरी दिले जातात, कुणी थडगी खणणारा, कुणी चीज करणारा, आणि पहिल्या मोहिमेत त्यांतले बहुतेक मरतात. जो उरतो तो नायक. जीव कुणात गुंतवायचा हे मग आधी ठरवावंच लागत नाही.

फाशांना मर्यादा हवी ती आणखी एका बाबतीत, आणि तिथे मी तडजोड करत नाही. काही तक्त्यांत व्यंग, आजार, लिंग, लहानपणचे अत्याचार असं सगळं सारख्याच सहजतेनं घातलेलं असतं. उंदीर मारणाऱ्याचं सोंग कुणालाही एका संध्याकाळपुरतं घेता येतं. पण समोर बसलेल्या माणसाच्या घरात जे घडून गेलं आहे तेच दान म्हणून त्याच्या कागदावर पडलं तर तो खेळ राहत नाही, आणि कुणाच्या घरात काय घडलं हे गेम मास्टरला माहीत नसतं. म्हणून माझ्या टेबलावर प्रत्येकाला कोणतंही एक दान कारण न देता परत करता येतं. यामुळे पद्धतीची शुद्धता बिघडते असं म्हणणारे भेटतात. बिघडते खरी. पण मागाहून जी दुखापत निस्तरावी लागते तिच्यापुढे ती किंमत काहीच नाही.

आणि जिथे फासे नाकारण्याचं सगळ्यात जास्त कारण दिसतं, तिथेच ते सगळ्यात उपयोगी पडतात. अनेक बैठका चालणाऱ्या लांबलचक कथेच्या, म्हणजे कॅम्पेनच्या, मधोमध एखाद्याचं आवडतं पात्र मरतं. अशा वेळी खेळाडूला स्वतःहून नवं पात्र घडवायला सांगितलं की तो बहुधा मेलेल्याचाच भाऊ घडवतो. नाव बदलतं, पेशा आणि तोंडाळपणा तोच. यात त्याचा दोष नाही, मन अजून तिकडेच असतं. अशा वेळी आकडे मी तयार संचातले देते, म्हणजे बाकीच्यांच्या तुलनेत तो मागे पडत नाही. पेशा, गाव आणि या मंडळींशी असलेले जुने लागेबांधे एवढंच फाशांवर सोडते. तक्ता पुस्तकातला घेत नाही. कथा ज्या गावात थांबली असेल त्याच गावातली माणसं त्यात लिहिते: घाटावरचा नावाडी, वसुलीचा कारकून, परवा ज्याची खोली पेटली त्या खानावळीचा मालक, मंडळींनी फसवलेला पहारेकरी. पहारेकरी पडला तर बाकीच्या खेळाडूंची तोंडं आधी पडतात, कारण याला त्यांनी काय केलं ते सगळ्यांना आठवत असतं. त्याला सोबत घ्यायचं तर आधी त्याची माफी मागावी लागणार, आणि ती मागायची कुणी, यावरच पुढचा अर्धा तास जातो.